दोनशें मुलांचें हायस्कूल कोणीं चालवावें ?

'डिस्ट्रिक्ट' हा शब्द कानीं पडतांच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें कलेक्टरची कचेरी, दहाबारा तालुके आणि लाखों लोकांची वस्ती उभी राहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाच शब्द शाळेच्या संबंधांत योजला म्हणजे त्याचा अर्थ अगदीं निराळा होतो. तेथील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे केवळ शाळा चालविण्यापुरतें निर्माण केलेलें एक लहानसें स्थानिक सरकार होय. त्याला स्वतःची हद्द असते. त्या हद्दींतील मतदारांनीं निवडून दिलेलें, बहुधा पांच किंवा सात सभासदांचें, बोर्ड असतें. आणि राज्याच्या कायद्यानें घालून दिलेल्या मर्यादेंत राहून घरांवर व जमिनींवर शाळेसाठीं कर बसविण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणीं त्यास असतो. शिक्षक तेंच नेमतें, इमारत तेंच बांधतें, आणि कारभार पाहण्यासाठीं सुपरिंटेंडेंट नांवाचा एक पगारी अधिकारी तेंच ठेवतें. या लेखापुरतें आम्ही त्यास 'शाळाक्षेत्र' म्हणूं.

मोठ्या शहरांतील शाळाक्षेत्रांत लाखों मुलें शिकतात. त्यांच्याशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमच्या मनांत आहेत तीं डोंगराळ मुलखांतील, गव्हाच्या शेतांतील व कुरणांतील लहान क्षेत्रें, ज्यांच्या पदरीं एकच हायस्कूल असतें व त्यांत दीडशें-दोनशें मुलें असतात. कॅलिफोर्निया, इलिनॉय, मोंटाना अशा कांहीं राज्यांत तर केवळ हायस्कुलापुरतीं निराळीं क्षेत्रेंहि आहेत. खालच्या इयत्तांच्या शाळा दुसऱ्या बोर्डांकडे असतात. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें १८९१ सालीं कायदा करून, ज्या वस्त्यांस एकटीनें हायस्कूल परवडत नव्हतें त्यांनीं एकत्र येऊन 'युनियन हायस्कूल' काढावें अशी सोय करून दिली, तिचेंच हें फळ होय. इतक्या लहान शाळेसाठीं निराळें बोर्ड, निराळा अधिकारी, निराळा अर्थसंकल्प कशाला, असा प्रश्न कोणाहि हिशेबी मनुष्यास सुचेल. तो अमेरिकेंतील लोकांसहि गेलीं शंभर वर्षें सुचत आहे, व आतां तो आपल्या महाराष्ट्रांतहि विचारला जाऊं लागला आहे. म्हणून त्याचें उत्तर शोधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

गांवानें शाळा ठेवलीच पाहिजे ही कल्पना त्या देशांत फार जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६४७ सालींच असा नियम केला कीं, पन्नास घरांच्या गांवानें लिहिणें-वाचणें शिकविणारा शिक्षक ठेवावा व शंभर घरांच्या गांवानें व्याकरणशाळा घालावी. परंतु हायस्कुलाची गोष्ट निराळी होती. सार्वजनिक खर्चानें चालणारें पहिलें हायस्कूल बोस्टन शहरीं १८२१ सालीं निघालें. तथापि शेतकऱ्याच्या व मजुराच्या करांतून मोठ्या मुलांस बीजगणित व परकी भाषा शिकवाव्या कीं नाहीं, हा वाद पुढें पन्नास वर्षें चालू राहिला. अखेर मिशिगन राज्यांतील कॅलमझू या गांवच्या कांहीं करदात्यांनीं तो कोर्टांत नेला. त्यांचा पुढारी चार्ल्स स्टुअर्ट हा पूर्वीं देशाच्या सीनेटचा सभासद राहिलेला गृहस्थ होता. प्राथमिक शाळेचा खर्च आम्ही देऊं, परंतु हायस्कुलाचा व स्वतः न शिकविणाऱ्या सुपरिंटेंडेंटच्या पगाराचा भार आमच्यावर घालण्याचा गांवास काय अधिकार, असें त्यांचें म्हणणें होतें. १८७४ सालीं मिशिगनच्या वरिष्ठ कोर्टाचे न्यायमूर्ति थॉमस कूली यांनीं निकाल दिला कीं, मतदारांनीं रीतसर संमति देऊन खर्च सोसण्याचें पत्करलें तर कोणत्या विषयापर्यंत शिकवावें यास कायद्याचा अडथळा नाहीं.

या निकालांतील 'मतदारांनीं संमति देऊन' या शब्दांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. हायस्कूल हें तेथें वरून आलेलें दान नव्हे. तें गांवानें मत देऊन स्वतःवर लादून घेतलेलें ओझें आहे. आणि हें ओझें घेण्यांत मोठीं शहरें पुढें नव्हतीं. १९१० सालीं त्या देशांतील शंभर तरुणांपैकीं अवघे नऊ हायस्कूल पुरें करीत. १९४० सालीं हें प्रमाण निम्म्याच्या वर गेलें. जगांत इतरत्र कोठेंहि इतक्या थोड्या काळांत असें घडलेलें नव्हतें. अर्थशास्त्राचे अभ्यासक क्लॉडिया गोल्डिन व लॉरेन्स कॅट्झ यांनीं या काळाचा बारकाईनें शोध घेतला असतां असें दिसून आलें कीं, आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यांतील लहान लहान गांवें या कामीं आघाडीवर होतीं. जेथें शेजारी शेजाऱ्यास ओळखत होता, आणि आज मी तुझ्या मुलासाठीं कर भरतों, उद्यां माझ्या नातवासाठीं तूं भरशील, असा विश्वास होता, तेथें हायस्कूल लवकर उभें राहिलें.

आतां असें हायस्कूल चालतें कसें तें पाहूं. सुपरिंटेंडेंट हें नांव भारदस्त आहे खरें, परंतु लहान क्षेत्रांत तो गृहस्थ पुष्कळ वेळां हेडमास्तरहि असतो, सरकारी तक्ते तोच भरतो, छप्पर गळूं लागलें कीं गवंड्यास तोच बोलावतो, आणि बसचा ड्रायव्हर आजारी पडला तर कधींकधीं चाकामागेंहि तोच बसतो. त्याची खरी कसोटी मात्र अर्थसंकल्पाच्या वेळीं लागते. शाळेच्या चालू खर्चापैकीं सुमारें चारपंचमांश पगार व तदनुषंगिक देण्यांत जातो, आणि हा खर्च मुलांच्या संख्येबरोबर कमी होत नाहीं. समजा, हायस्कुलाच्या चार इयत्तांत मिळून दोनशें मुलें आहेत, म्हणजे इयत्तेस पन्नास. पुढील वर्षीं गांवांतील लाकूड कापण्याची गिरणी बंद पडली व वीस मुलें आईबापांबरोबर दुसरीकडे निघून गेलीं. राज्याचें अनुदान डोक्यामागें मिळत असेल तर तें एकदशांशानें घटलें. पण प्रत्येक इयत्तेंतून गेलीं किती, तर पांचच. पन्नासांस गणित शिकविणारा शिक्षक पंचेचाळिसांस शिकवूं नये असें थोडेंच आहे ! रसायनाचा शिक्षक एकच आहे, तो नऊदशांश करतां येत नाहीं. बस तितकेच मैल धांवते, बॉयलर तितकेंच जळण खातो. मोठ्या शहरांत एक तुकडी मोडून दुसरींत घालतां येते. येथें एक शिक्षक काढणें म्हणजे एक विषयच काढणें होय. संगीत जातें, परकी भाषा जाते, मग लोहारकाम-सुतारकाम जातें. आणि ज्या घरांस दुसरीकडे जाणें शक्य असतें तीं हें पाहून आपलीं मुलें शेजारच्या मोठ्या शाळेंत घालतात, म्हणजे पट आणखी घसरतो. लहान क्षेत्राचें अर्धेअधिक दुःख या एका उदाहरणांत आलें.

बसचीहि गोष्ट लहान नाहीं. विरळ वस्तीच्या मुलखांत रोज दोन्ही वेळां मुलें आणणें-पोंचविणें हाच मोठा व्याप होतो. १९३९ सालीं फ्रँक सायर नांवाच्या शिक्षणाच्या अध्यापकांनीं कोलंबिया विद्यापीठांत निरनिराळ्या राज्यांच्या अधिकाऱ्यांची एक परिषद भरविली आणि शाळेच्या बसगाड्यांचें माप व रंग ठरवून घेतला. पहांटेच्या अंधुक प्रकाशांतहि दिसणारा तो पिवळा रंग आज जगभर ओळखला जातो, आणि आपल्याकडील शहरांतल्या शाळांच्या गाड्यांनींहि तो उचलला आहे. सायर हे स्वतः ग्रामीण शाळांच्या प्रश्नाचे अभ्यासक होते, हें येथें सांगण्यासारखें आहे.

त्याहून नाजूक प्रश्न अपंग मुलांच्या शिक्षणाचा आहे. १९७५ च्या कायद्यानें अशा प्रत्येक मुलास योग्य व विनामूल्य शिक्षण देणें शाळाक्षेत्रावर बंधनकारक झालें. कायदा उत्तमच आहे, त्याविषयीं आमच्या मनांत यत्किंचितहि किंतु नाहीं. परंतु केंद्रीय सरकारनें या जादा खर्चासाठीं सरासरी दरडोई शाळाखर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देण्याचें ठरविलें होतें, व तितका वांटा आजवर कधींहि मिळालेला नाहीं. शहरांतील क्षेत्र हा भार हजारों घरांवर पसरून टाकतें. दोनशें मुलांच्या क्षेत्रांत, दिवसभर एक परिचारिका लागेल असें एकच मूल नव्यानें आलें तरी वर्षाचा मेळ कोलमडतो. आणि गांव लहान असल्यामुळें हा खर्च कोणाच्या मुलाचा हें सर्वांस ठाऊक असतें. त्या आईबापांस बाजारांत जातांना काय वाटत असेल याचा विचार हिशेबाच्या वहींत कोठेंहि होत नाहीं.

पैसा येतो कोठून ? ढोबळ मानानें सांगावयाचें तर सुमारें निम्मा राज्याकडून, त्याहून थोडा कमी स्थानिक करांतून, व शेंकडा दहाच्या आसपास केंद्राकडून. स्थानिक करावर शाळा अवलंबून ठेवण्यांतील अन्याय उघड आहे : जेथें तेलाची विहीर किंवा मोठा कारखाना तेथें शाळा श्रीमंत, जेथें नुसतें माळरान तेथें शाळा दरिद्री. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ या शहरांतल्या दोन शेजारी क्षेत्रांचा दाखला या बाबतींत प्रसिद्ध आहे. १९६७-६८ सालीं एजवुड या गरीब क्षेत्रानें शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर घेतला, तरी त्यांतून मुलामागें २६ डॉलर निघाले. अलामो हाइट्स या श्रीमंत क्षेत्रानें ८५ सेंटच घेतला, आणि मुलामागें ३३३ डॉलर निघाले. अधिक कर देणारास कमी शाळा, असा हा उफराटा न्याय. तरीहि १९७३ सालीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें पांचास चार मतांनीं ठरविलें कीं, हें राज्यघटनेच्या विरुद्ध नाहीं. कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टानें त्यापूर्वीं, १९७१ मध्यें, उलट कौल दिला होता. पुढें त्या राज्याच्या मतदारांनीं १९७८ सालीं मालमत्तेवरील करास शेंकडा एकची मर्यादा घातली, तेव्हांपासून तेथील शाळांची दोरी बव्हंशीं राज्याच्या राजधानीच्या हातीं गेली. त्यांतहि एक समंजसपणा त्या राज्यानें दाखविला आहे. हजेरीची सरासरी २८७ हून कमी असलेलें व दुसऱ्या शाळेपासून दूर पडलेलें हायस्कूल 'आवश्यक लहान शाळा' मानतां येतें, आणि त्याचें अनुदान नुसतें डोकीं मोजून न देतां त्यास किती शिक्षक लागतात हें पाहून दिलें जातें. वर सांगितलेल्या वीस मुलांच्या कोड्यास याहून सरळ उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

जंगलाच्या मुलखांतील शाळांची तऱ्हा आणखी निराळी. तेथें पुष्कळशी जमीन राष्ट्रीय वनांची असल्यामुळें तिच्यावर स्थानिक कर बसत नाहीं. म्हणून १९०८ च्या कायद्यानें वनांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तेथील शाळांस व रस्त्यांस मिळूं लागला. १९९० नंतर लांकूडतोड घटली व हा हिस्साहि आटला. २००० सालीं काँग्रेसनें भरपाईचा कायदा केला, परंतु मुदतीचा. मुदत संपली कीं पुन्हां विनवण्या, पुन्हां मुदतवाढ. ज्या सुपरिंटेंडेंटास पुढच्या जूनमध्यें किती पैसे येतील हें या जूनमध्यें कळत नाहीं, त्यानें नव्या शिक्षकास कोणत्या तोंडानें नेमणुकीचें पत्र द्यावें ?

अशा स्थितींत मोठमोठ्या विद्वानांनीं सुचविलेला उपाय एकच होता : लहान क्षेत्रें मोडा व एकत्र करा. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एलवुड कबरली यांनीं, गांवकऱ्यांच्या हातून शाळा काढून तज्ज्ञांच्या हातीं द्याव्या, असा हिरिरीनें पुरस्कार केला. १९५९ सालीं हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनीं लिहिलें कीं, शेवटच्या इयत्तेंत निदान शंभर विद्यार्थी नसतील तर त्या हायस्कुलांत चांगलें शिक्षण देणें शक्य नाहीं. सरकारांनीं हा सल्ला मनावर घेतला. १९३९-४० सालीं त्या देशांत १,१७,१०८ शाळाक्षेत्रें होतीं. आज सुमारें १३,००० आहेत. ही लाट अद्याप ओसरलेली नाहीं. आर्कन्सास राज्यानें २००४ सालीं असें ठरविलें कीं, लागोपाठ दोन वर्षें ३५० हून कमी मुलें असलेलें क्षेत्र दुसऱ्यांत विलीन व्हावें. व्हरमाँट राज्यानें २०१५ सालीं निदान ९०० मुलांचीं क्षेत्रें करण्याचें धोरण स्वीकारलें.

या मताच्या बाजूस तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. एका शिक्षकाच्या सुमारें दीड लाख शाळा १९३० च्या सुमारास त्या देशांत होत्या, व त्यांतील कित्येकींत ना पुस्तकें होतीं ना शिकलेला शिक्षक. अगदीं चिमुकलीं क्षेत्रें एकत्र केल्यानें कारभाराचा खर्च खरोखरच वांचतो, असें न्यूयॉर्क राज्यांतील ग्रामीण क्षेत्रांच्या अभ्यासांत आढळलें आहे. पण क्षेत्र मोठें होत गेलें तसतशी ही बचत कमी होत जाते, आणि नवी इमारत बांधण्यांत तिचा बराच भाग खर्ची पडतो, हेंहि त्याच अभ्यासांत आढळलें आहे. कागदावर वांचलेला पैसा प्रत्यक्षांत बसच्या टाक्यांत जातो. शिवाय रोज जातां-येतां बसमध्यें दोन-तीन तास घालविणाऱ्या मुलाचे ते तास कोणत्या सदराखालीं मांडावयाचे ? खर्च वांचविण्यासाठीं आठवड्याचा एक दिवसच शाळा बंद ठेवण्याची युक्तीहि निघाली. न्यू मेक्सिकोंतील सिमरॉन क्षेत्रानें १९७३ च्या तेलटंचाईंत ती योजिली, व आतां शेंकडों क्षेत्रें, बहुतेक ग्रामीण, चारच दिवस शाळा भरवितात. तेथेंहि बचत अल्पच दिसून आली आहे; पगार व इमारत पांचव्या दिवशीं कांहीं सुटी घेत नाहींत.

लहान शाळेंत कांहीं असें असतें कीं तें कोनंट यांच्या हिशेबांत बसलें नाहीं. आमच्या विद्यार्थी वाचकांस खेळाचें उदाहरण लवकर पटेल. अमेरिकन फुटबॉलला एका बाजूस अकरा गडी लागतात. नेब्रास्कांतील चेस्टर या गांवीं १९३४ सालीं स्टीफन एप्लर या शिक्षकानें पाहिलें कीं, मंदीच्या त्या दिवसांत आसपासच्या लहान हायस्कुलांस अकरा गडीच जमत नाहींत. तेव्हां त्यानें खेळच बदलला व सहा गड्यांचे नियम तयार केले. तो खेळ आजहि टेक्सस, मोंटाना वगैरे राज्यांतील लहान शाळांत मोठ्या हौसेनें खेळला जातो. रॉजर बार्कर व पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनीं कॅन्सस राज्यांतील लहानमोठीं हायस्कुलें तपासून १९६४ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्याचा निष्कर्षहि याच जातीचा आहे. मोठ्या शाळेंत करण्यासारखीं कामें अधिक असतात, पण बहुतेक मुलें तीं पाहत बसतात. लहान शाळेंत कामें थोडीं, पण नाटकांत, खेळांत, सभेंत प्रत्येकास कांहींतरी अंगावर घ्यावेंच लागतें, कारण त्याच्यावांचून तें होणारच नसतें. ज्याला गातां येत नाहीं त्यालाहि गायकवर्गांत उभें राहावें लागतें ! याची किंमत परीक्षेच्या गुणांत मोजतां येत नाहीं, एवढ्यावरून ती शून्य धरावी हें आम्हांस मान्य नाहीं.

तथापि गांवाच्या हातीं शाळा असली कीं सर्व मंगलच होतें, अशा भ्रमांत कोणीं राहूं नये. लहान बोर्डांत सोयरेधायरे असतात, भाऊबंदकी असते. निवडणुकीस पुष्कळदां थोडेच मतदार येतात. एखादा चांगला शिक्षक कोणाच्या तरी मुलास नापास केल्याबद्दल नोकरीस मुकतो. आणि याहून कितीतरी काळें असें एक पान या इतिहासांत आहे. व्हर्जिनिया राज्यांतील प्रिन्स एडवर्ड या ग्रामीण कौंटींत काळ्या मुलांचें हायस्कूल इतकें अपुरें होतें कीं, डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत वर्ग भरत. १९५१ सालीं बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीनें सर्व मुलांस घेऊन शाळेवर बहिष्कार घातला. तो लढा पुढें त्या खटल्यांत सामील झाला, ज्यांत १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वर्णभेदाच्या शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. यावर त्या कौंटीच्या निवडून आलेल्या पंचांनीं काय करावें ? काळ्या-गोऱ्या मुलांस एकत्र बसवावें लागूं नये म्हणून १९५९ सालीं त्यांनीं सार्वजनिक शाळांसाठीं पैसा देण्याचेंच नाकारलें. पांच वर्षें, १९६४ पर्यंत, तेथें एकहि सार्वजनिक शाळा नव्हती. गोऱ्या मुलांसाठीं खासगी शाळा निघाली. काळीं मुलें बहुतेक घरीं राहिलीं. मतदारांची संमति ही हायस्कुलाची जननी खरी, पण तीच त्याची वैरीणहि होऊं शकते. वर कायद्याचा धाक व न्यायालयाचा दरवाजा असल्यावांचून स्थानिक सत्ता ही दुर्बळांच्या वांट्यास जुलूमच होऊन येते, आणि जातीपातींनीं दुभंगलेल्या आपल्या खेड्यांस तर ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

मग आमचें मत काय ? पैसा वरून यावा, कारण माळरानावरील मुलाचा दोष एवढाच कीं तो माळरानावर जन्मला. आणि तो नुसतीं डोकीं मोजून न येतां शाळेची गरज मोजून यावा. हक्कांचें रक्षणहि वरून व्हावें. परंतु शिक्षक कोण, वेळापत्रक काय, कोणता विषय ठेवावा व कोणता सोडावा, याचा निर्णय शाळेच्या जवळ राहणाऱ्या व तिच्यांत आपलीं मुलें घालणाऱ्या माणसांच्या हातीं असावा. जें एकट्यास झेपत नाहीं त्यासाठीं क्षेत्रें मोडण्याची गरज नाहीं, तीं जोडलीं म्हणजे पुरे. न्यूयॉर्क राज्यानें १९४८ सालीं सहकारी सेवामंडळें स्थापलीं. अनेक क्षेत्रांनीं मिळून धंदेशिक्षणाची एक कार्यशाळा, अपंग मुलांसाठीं एक तज्ज्ञ शिक्षक, हिशेबाचें एक कार्यालय ठेवावें अशी ती योजना आहे. नेब्रास्कानें १९६५ सालीं तिच्यासारखींच सेवाकेंद्रें सुरू केलीं. यांत शाळा जागच्या जागीं राहते, शिक्षक मात्र फिरतो. तरुण मुलांनीं भरलेली बस डोंगरापलीकडे नेण्यापेक्षां एका शिक्षकास गाडी देणें स्वस्त, हें कळण्यास कांहीं मोठा अर्थशास्त्रज्ञ नको. एखादी शाळा बंद करणेंच प्राप्त झालें, जवळच चांगली शाळा आहे व रस्ता बारमाही आहे, तर ती करावी. पण ज्यांची ती शाळा आहे त्यांच्या मतानें.

आपल्याकडे हायस्कूल खेड्यांत गेलें तें निराळ्या वाटेनें. स्थानिक कर व निवडून आलेलें शाळा-बोर्ड हा मार्ग येथें नव्हता. ध्येयवादी संस्थांनीं पुढाकार घेतला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, व १९४० सालीं सातारा येथें तिचें पहिलें हायस्कूल महाराजा सयाजीराव यांच्या नांवानें निघालें. पुढें अशा संस्थांनीं गांवोगांव माध्यमिक शाळा उघडल्या, गांवांनीं जागा दिल्या, अंगमेहनत दिली, आणि सरकारनें पगाराचें अनुदान दिलें. या उपकाराचें माप करणें अवघड आहे. पण एक उणीव राहून गेली ती अशी कीं, शाळेचें नियामक मंडळ दूर शहरांत, पगार देणारें खातें त्याहून दूर, आणि ज्याच्या जमिनीवर शाळा उभी तो गांव वार्षिक समारंभास खुर्च्या मांडण्यापुरता. प्राथमिक शाळा १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आहेत. तेथेंहि एका मंडळाकडे शेंकडों शाळा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेस व्यवस्थापन समिति दिली, तिच्यांत तीनचतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असें सांगितलें. उद्देश स्तुत्य आहे. परंतु या समितीस शिक्षक नेमण्याचा अधिकार नाहीं, कर बसविण्याचा नाहीं, व आपली शाळा बंद होऊं लागल्यास 'नाहीं' म्हणण्याचाहि नाहीं.

हा शेवटला अधिकार किती मोलाचा आहे हें २०२३ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं राज्य शासनानें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळांतील मुलें एकत्र आणून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले, व पुणें जिल्ह्यांतील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ येथील उदाहरणें पुढें ठेविलीं. अशा लहान शाळा राज्यांत सुमारें पंधरा हजार होत्या. समूहशाळेंत मुलांस सोबती मिळतील, ग्रंथालय मिळेल, विषयवार शिक्षक मिळतील, हा शासनाचा युक्तिवाद कबरली व कोनंट यांचाच आहे, आणि त्यांच्याइतकाच तो अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग आषाढांत कळतो, ओढ्यास पाणी आल्यावर. एका किलोमीटरच्या आंत प्राथमिक व तीन किलोमीटरच्या आंत उच्च प्राथमिक शाळा असावी असा नियम राज्यानें स्वतःच केला आहे. गाडी दिली म्हणजे अंतर नाहींसें झालें असें समजणारांनीं हेंहि सांगावें कीं, ज्या दिवशीं गाडी येणार नाहीं त्या दिवशीं सातवी-आठवींतील मुलगी कोणाच्या भरंवशावर घाट उतरणार. आणि असे दिवस वर्षांत आठ-दहा झाले कीं तिचा बाप तिला पुढें पाठविणार कीं नाहीं.

आमचें मागणें मोठें नाहीं. कोणतीहि शाळा दुसरींत विलीन करावयाची असेल तर त्यापूर्वीं त्या गांवीं पालकांची सभा भरावी, आणि तिच्यापुढें शिक्षणखात्यानें एक कागद ठेवावा : या शाळेवर आज वर्षास काय खर्च होतो, गाडीवर व नव्या खोल्यांवर काय होईल, कोणता शिक्षक नव्यानें मिळेल, आणि मूल घरांतून किती वाजतां निघेल व किती वाजतां परत येईल. शाळा जागींच ठेवून शिक्षक फिरता केला तर काय पडेल, तोहि आंकडा त्याच कागदावर असावा. मग हात वर करून मतें घ्यावीं, व तीं बांधील मानावीं.